शिवऱ्याचा पाऊस कोठून येतो?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी 'पाऊस' असे सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "अहो बाई, पावसावर काय बोलायचे? तो पडतो, नाहीतर पडत नाही." इतक्या थोडक्यात व्याख्यान आटोपता आले असते, तर तुमची आणि माझी दोघींचीही सोय झाली असती! परंतु मी तीस वर्षे भूगोल शिकवीत होते, आणि भूगोलाच्या शिक्षिकेला 'का' हा प्रश्न सुटत नाही. वेल्ह्याकडे धो धो कोसळतो आणि जेजुरीकडे नुसते शिंतोडे, हे का? पुण्याला जानेवारीत हुडहुडी भरते आणि मुंबईला पंखा लागतो, हे का? आणि आपल्याला अधिक जाचणारा प्रश्न म्हणजे, इतका पावसाचा मुलूख उशाशी असून मे महिन्यात आपल्या बायकांच्या डोक्यावर हंडा का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकींत गुंतलेली आहेत. ती सोडवीत सोडवीत जाऊ.

आरंभ समुद्रापासून करावयाचा. तुम्ही म्हणाल, शिवऱ्याला समुद्र कोठला? नकाशावर पट्टी ठेवून पाहा. श्रीवर्धन-दिवेआगरचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत जेमतेम ९० ते १०० किलोमीटर आहे. मधे सह्याद्री उभा आहे म्हणून तो दूर वाटतो इतकेच.

आता चुलीवर एक तवा ठेवा आणि शेजारच्या चुलीवर पाण्याने भरलेला हंडा ठेवा. जाळ सारखाच. तवा क्षणात तापतो, हात लावू देत नाही. हंड्यातले पाणी कोमट व्हायलाही वेळ लागतो. मग दोन्ही उतरवा. तवा लगेच निवतो आणि हंडा मात्र बराच वेळ ऊब धरून बसतो. जमीन म्हणजे हा तवा आणि समुद्र म्हणजे हा हंडा. मुंबई हंड्याला टेकून बसली आहे, म्हणून तिला ना फार उन्हाळा ना फार हिवाळा. आपण तव्यावर. मे महिन्यात पुण्याचे दुपारचे तपमान सरासरीने ३७ अंशांच्या आसपास जाते, मुंबईचे ३३-३४ वर थांबते. उलट जानेवारीच्या पहाटे पुण्यात ११-१२ अंश असतात, तर मुंबईत १६-१७. मुंबईहून दिवाळीनंतर आलेल्या नातीला आपण गोधडी देतो आणि ती म्हणते, "आजी, इथे एवढी थंडी कशी?" तिला सांगावे, बाळ, तुझ्या घराशेजारी मोठा हंडा आहे, आमच्याकडे नाही!

याच तव्या-हंड्याच्या फरकातून आपला मोसमी वारा जन्मतो. चैत्र-वैशाखात सारा हिंदुस्थान तापतो. राजस्थान, सिंध, पंजाब यांच्या बाजूला तर भट्टी पेटते. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तेथे हवेचा दाब उतरतो. समुद्रावरची हवा त्या मानाने गार आणि जड. ती रिकाम्या जागेकडे धाव घेते. ती निघते कोठून, तर विषुववृत्ताच्याही पलीकडून, दक्षिण हिंदी महासागरातून. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळून ती विषुववृत्त ओलांडते, पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून उजवीकडे वळते, आणि मग अरबी समुद्रावरून तिरपी आपल्याकडे येते. वाटेत हजारो किलोमीटर पाणीच पाणी. ओल्या लुगड्यावरून वारा गेला की लुगडे वाळते. म्हणजे त्यातले पाणी वारा घेऊन जातो. अरबी समुद्र हे असेच एक न वाळणारे लुगडे होय. १ जूनच्या सुमारास हा वारा केरळात पोचतो आणि आपल्या पुणे जिल्ह्यात साधारणतः १० जूनच्या आगेमागे.

परंतु नुसता ओला वारा आला म्हणजे पाऊस पडतो असे नाही. कच्छचा किनारा पाहा; तोही अरबी समुद्रावरच आहे, पण पाऊस किती थोडा! वाऱ्याला कोणीतरी वर उचलावे लागते. आपल्याकडे ते काम सह्याद्री करतो.

सायकलच्या चाकाची हवा सोडताना त्यापुढे बोट धरून पाहिले आहे का कोणी? ती हवा गार लागते. दाबलेली हवा मोकळी झाली, पसरली, की निवते. डोंगर चढताना हवेचे तेच होते. वर दाब कमी, म्हणून ती पसरते आणि पसरली म्हणजे थंड होते. दर हजार मीटर चढाला साधारण सहा-साडेसहा अंश धरा. थंड हवेच्या ओटीत बाष्प मावत नाही. ते भाताच्या झाकणावर जमणाऱ्या थेंबांसारखे बाहेर येते. ढग दाटतात आणि घाटमाथ्यावर कोसळतात. उरलेली हवा डोंगर ओलांडून अलीकडे उतरू लागली की उलट क्रिया होते. ती दाबली जाते, ऊबदार होते, ओटी पुन्हा मोठी होते आणि ढग विरू लागतात. डोंगराच्या या अलीकडच्या मुलखाला पुस्तकात पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. झाडाची सावली सुखाची असते; ही सावली तशी नव्हे.

या सावलीचा झपाटा किती, हे आकड्यांनी कळेल. मुंबईला वर्षाकाठी सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच हजारांहून अधिक. तेथून पूर्वेला पाचगणी वीस किलोमीटरच्या आत. तेथे अठराशेच्या आसपास. पसरणीचा घाट उतरून वाईला या, तर सातशे-आठशे. म्हणजे एस. टी. ने तासाभराच्या वाटेत पाऊस सातपटीने घटला! मला या आकड्यांचे अजून नवल वाटते; वर्गात सांगताना दर वर्षी वाटे. पुण्याला ७०० ते ७५०, आणि तसेच पूर्वेला बारामतीकडे गेलो की पाचशेच्या घरात.

माझे माहेर महाडकडचे आणि सासर शिवऱ्याचे, त्यामुळे ही सारी उतरंड मी पुस्तकात वाचण्याआधी एस. टी. च्या खिडकीतून पाहिली. श्रावणात माहेरून निघावे तो महाडला पाऊस, वरंध घाटात तर दोन हातांवरचे दिसू नये असे धुके आणि धबधबे. हिरडोशीला छत्री मिटू नये. भोरला आले की पाऊस धरून-सोडून. कापूरहोळला रस्ता ओला. शिवऱ्याला उतरावे तो सासूबाई अंगणात वाळवण घालायचे की नाही याचा विचार करीत उभ्या! एका दिवसात चार हवा पाहिल्या. त्या घाटात दरडी फार कोसळतात, त्यामुळे अलीकडच्या कित्येक पावसाळ्यांत तो वाहतुकीला बंद ठेवावा लागला आहे. माहेर जवळ असून लांब झाले, असो.

आता आपले गाव या उतरंडीवर नेमके कोठे बसले आहे ते पाहू. पश्चिमेला तोरणा आणि राजगड. तोरणा १,४०० मीटर उंच, राजगड त्याच्या खालोखाल. वायव्येला सिंहगड, १,३०० मीटरच्या वर. पूर्वेकडे पुरंदर, तोही जवळजवळ १,४०० मीटर. या डोंगरांमधल्या शिवगंगेच्या खोऱ्यात आपण. तोरण्या-राजगडाने ढगांतले पुष्कळसे काढून घेतलेले, पण सगळे नव्हे. म्हणून शिवरे हे ना धड मावळ, ना धड देश. हिरडस मावळ, वेळवंड खोरे, गुंजण मावळ इकडे भात आणि नाचणी. आपल्याकडे सखल खाचरात इंद्रायणी तांदूळ आणि चढाच्या रानात ज्वारी-बाजरी. पुरंदरचा डोंगर ओलांडून सासवडकडे गेलात की अंजीर आणि सीताफळ, कारण त्या फळांना कोरडी हवाच मानवते. सासवडचे अंजीर आपण हौसेने विकत घेतो ते एका अर्थी तेथे न पडलेल्या पावसाचे फळ आहे!

तुमच्या स्वयंपाकघरातही ही सीमा आहे. वेल्ह्याकडून आलेली सून भात जास्त टाकते, जेजुरीकडची सून भाकऱ्या जास्त थापते, आणि दोघींच्याही सासवा शिवऱ्याच्या असल्यामुळे दोघींनाही नावे ठेवतात! यात सुनांचा दोष नाही. ही सह्याद्रीची करामत आहे.

सीमेवर राहण्यात एक धोका असतो. घाटमाथ्यावर पाऊस चौथाईने घटला तरी भात निभावतो. देशावर शेतकरी पहिल्यापासूनच कमी पावसाचा हिशेब धरून पेरतो. आपले तसे नाही. आपण चांगल्या वर्षी मावळासारखे वागतो, आणि वाईट वर्षी आपल्यावर देशासारखी पाळी येते. वाऱ्याचा जोर थोडा कमी-अधिक झाला की ढग तोरण्याशीच रिकामे होतात. म्हणून दूर समुद्रात काय चालले आहे याची चौकशी इतर कोणापेक्षा आपल्याला अधिक.

दूरदर्शनवर सांगतात, "बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा निर्माण झाला आहे, त्यामुळे घाटमाथ्यावर पावसाचा जोर वाढेल." ऐकणाऱ्याला वाटते, पट्टा तिकडे पूर्वेला आणि पाऊस इकडे पश्चिमेला, हे कसे? तो पट्टा म्हणजे एक ओढ असते. तो तिकडून ओढतो, म्हणून अरबी समुद्रावरचा वारा इकडे अधिक जोराने सह्याद्रीवर आदळतो. पाऊस लांबला, पंधरा दिवस ऊन पडले, तर पुष्कळदा त्या ओढीतच खंड पडलेला असतो. पाऊस लहरी आहे असे आपण म्हणतो. मला ते पटत नाही. त्याला नियम आहेत. ते गुंतागुंतीचे आहेत एवढेच.

आपल्या वाडवडिलांनीही नियम शोधले होते. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे म्हणजे सूर्याच्या वाटेवरचे तेरा-चौदा दिवसांचे टप्पे. त्यांतल्या पावसांना नावेही गमतीची. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. कोणता अधिक बरसतो यावर आज येथे चर्चा नको, सभा संपायची नाही! नवरात्रात आपण भोंडल्याला पाटावर हत्ती मांडून फेर धरतो, तो हस्ताच्या पावसाचा हत्ती. हे पंचांग कालगणना म्हणून उत्तम आहे. कोणत्या टप्प्यात काय पेरावे हे शेकडो वर्षांच्या अनुभवाने त्यात बसविले आहे. परंतु यंदाचा मृग कोरडा जाईल की ओला, हे नक्षत्र सांगू शकत नाही, कारण नक्षत्र दर वर्षी तेच असते आणि समुद्र दर वर्षी निराळा असतो.

समुद्र निराळा असतो म्हणजे काय? येथे मला दूर देशी जावे लागेल. दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. त्याच्या किनाऱ्यावरचे पाणी एरवी गार असते. पण काही वर्षांनी ते नाताळच्या सुमारास गरम होते आणि मासळी नाहीशी होते. तेथील कोळ्यांनी त्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, असे नाव दिले. सारा प्रशांत महासागर मधून तापला की ढगांचे मोठे बिऱ्हाड तिकडे हलते आणि पुष्कळदा आपल्याकडचा मोसमी पाऊस अशक्त होतो. हवेच्या दाबाचा हा झोका पहिल्याने शोधला तो गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने. १९०४ ते १९२४ या काळात ते हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख होते आणि दुष्काळ आधी ओळखता यावा याच खटपटीत होते. ते खाते तेव्हा सिमल्याला होते. १९२८ मध्ये ते पुण्याला आले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात. तुमच्यापैकी कित्येकींनी त्या थांब्याचे तिकीट काढले असेल. नावामागचे कारण आज कळले.

१९७२ चा दुष्काळ येथे बसलेल्या वयस्कर बायकांना आठवत असेल. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी, परदेशातून आलेला तो तांबडा मिलो. त्या वर्षी प्रशांत महासागर तापलेला होता. पेरूच्या कोळ्यांच्या जाळ्यात मासा नाही आणि महाराष्ट्रातल्या बाईच्या हातात घण, या दोन गोष्टी एकाच दोरीची दोन टोके आहेत हे त्या वेळी आपल्यापैकी कोणाला ठाऊक होते? मुकादम ओरडत होता एवढे मात्र ठाऊक होते. अगदी अलीकडे, २०२३ सालचा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. तेव्हाही एल निनो होता.

परंतु हा नियमही सरसकट लावू नये. १९९७ साली एल निनो फार मोठा होता, सर्वांनी दुष्काळाची धास्ती घेतली, आणि पाऊस तर सरासरीइतका झाला! याचे कोडे उलगडण्याच्या कामात एका पुणेकर स्त्रीचा मोठा वाटा आहे. १९४४ साली पुण्यात जन्मलेल्या सुलोचना गाडगीळ यांनी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आयुष्यभर मोसमी पावसाचा अभ्यास केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, नुसत्या प्रशांत महासागराकडे पाहून भागत नाही. आपल्या हिंदी महासागरावर, विषुववृत्ताजवळ, ढग पश्चिमेला जमतात की पूर्वेला हेही पाहावे लागते. पश्चिमेला, आफ्रिकेच्या बाजूला, जमले तर आपल्याला अनुकूल. दोन्ही समुद्र प्रतिकूल असले म्हणजे मात्र कठीण. कडक दुष्काळाच्या वर्षी देशाच्या एकूण उत्पन्नाला दोन ते पाच टक्क्यांचा फटका बसतो, हाही हिशेब त्यांनीच २००६ मध्ये मांडला. आणखी एक नाव सांगते, अॅना मणी. केरळातल्या पीरमेडच्या या बाई १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान कचेरीत रुजू झाल्या आणि जी उपकरणे परदेशातून मागवावी लागत ती आपल्याच देशात, एकाच मापाची, बिनचूक बनावीत म्हणून त्यांनी कष्ट घेतले. मोजमाप चुकीचे तर शास्त्र फुकट, हे त्यांचे धोरण. हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या बायकांना ते समजावून सांगायला नको.

आता जे सांगावयाचे आहे ते थोडे चिंतेचे आहे. अरबी समुद्र तापतो आहे. हंडा तापला की वाफ अधिक, आणि वाफ अधिक तर पडताना पाऊस अधिक आडदांड. पुण्यातल्या पाषाणच्या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखविले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीचे प्रसंग जवळजवळ तिपटीने वाढले. तेथला एकूण पाऊस मात्र वाढला नाही. म्हणजे पंगत तीच, वाढपी मात्र एकाच पानावर सारे ओतून मोकळा! जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पुण्याला वर्षभरात जेवढा होतो त्याच्या तीन चतुर्थांशाहून अधिक. त्याच वेळी महाड बुडाले आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. माझ्या माहेरच्या बाजूचे गाव ते. त्याआधी, ३ जून २०२० रोजी, 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर चढले आणि आपल्या पुणे जिल्ह्यातही घरांचे पत्रे उडाले, झाडे आडवी झाली. समुद्र आपल्यापासून किती दूर आहे, हे त्या दिवशी सर्वांना समजले.

इथवर आकाशाचे झाले. आता हंड्याच्या प्रश्नाकडे येते, आणि त्यासाठी पायाखाली पाहावे लागेल.

आपला सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस वाहिला, थरावर थर बसले, आणि निवून हा कातळ झाला. याच्या पोटात वाळूसारखी पोकळी नाही. वरचा मुरूम आणि कातळातल्या चिरा-भेगा एवढ्यांतच पाणी राहते. म्हणून तोरण्यावर कितीही कोसळो, ते वाहून जाते. मावळातल्या उंचावरच्या वाड्यांना पावसाळ्यात घरात ओल आणि उन्हाळ्यात टँकर, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. पाऊस आणि पाणी हे दोन निराळे शब्द आहेत, आणि त्यांतले अंतर चालून जाण्याचे काम बाईकडे आले आहे.

वाहून जाते ते जाते कोठे? मौज अशी की अरबी समुद्रातून आलेले पाणी त्या समुद्राला परत जातच नाही. वरंध घाटाच्या पलीकडे पडलेला थेंब सावित्रीतून लवकरच बाणकोटच्या खाडीला लागतो. अलीकडे पडलेला थेंब नीरेत. आपल्या शिवगंगेचे पाणी गुंजवणीत, गुंजवणीचे नीरेत, नीरा नरसिंगपूरला भीमेत, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा थेट आंध्रात बंगालच्या उपसागरात. एका समुद्राने दिले, दुसऱ्याच्या पदरात पडले. मधे ते अडवितात ती भोरजवळच्या भाटघरसारखी धरणे. सध्याचे भाटघर धरण १९२८ च्या सुमारास पुरे झाले. त्याच्या पोटात वेळवंड खोऱ्यातली शेते गेली. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की कांबरेश्वराचे देऊळ वर येते आणि म्हाताऱ्या माणसांना आपले जुने गाव आठवते. नीरेच्या कालव्यांनी ते पाणी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसला जाते. तेथे पाऊस पाचशे मिलिमीटर, आणि शेतात ऊस! मावळावर पडलेला पाऊस पर्जन्यछायेतल्या उसात उभा राहतो. मी याला वाईट म्हणत नाही. तेही आपलेच लोक आहेत, आणि दुष्काळात त्या कालव्यांनी पुष्कळांना जगविले. परंतु धरणाच्या वरच्या अंगाच्या वाडीत बाई टँकरची वाट पाहते, तेव्हा हा हिशेब कोणीतरी पुन्हा मांडून पाहिला पाहिजे, असे मला वाटल्यावाचून राहत नाही.

मोठ्या धरणांचा हिशेब आपल्या हाती नाही. छपराचा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी; हे एवढे ध्यानात ठेवा. तुमचे छप्पर दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद धरू, म्हणजे ५० चौरस मीटर. पाऊस पुण्याइतकाच, ७०० मिलिमीटर धरू. छपरावर ३५,००० लिटर पाणी पडले. पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असे समजा, तरी २८,००० लिटर राहिले. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठराशेहून अधिक हंडे! हे आपल्याच पागोळ्यांनी आपल्याच अंगणातून गटारात जाते, आणि मार्चपासून आपण दुसऱ्याच्या विहिरीवर नंबर लावतो. सगळे साठविणे शक्य नाही, एवढी टाकी कोणाच्या दारात मावणार? पण पन्हळ लावून पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, आणि पुढचे गाळून टाकीत व उरलेले विहिरीच्या कडेच्या खड्ड्यात मुरूमात सोडावे, हे गवंड्याच्या दोन-तीन दिवसांच्या कामात होते. ज्यांनी केले त्यांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी राहीलच अशी हमी मी देत नाही. कातळाची चीर कोणीकडे जाते हे आधी कोणालाच कळत नसते. म्हणून मोजून पाहावे.

मोजण्यासाठी फार खर्च नाही. सरळ बाजूंचा, तळ सपाट असलेला काचेचा किंवा प्लास्टिकचा डबा घ्यावा. वर-खाली रुंदी सारखी हवी, नाहीतर माप खोटे येते. तो उघड्यावर ठेवावा, भिंत वा झाड जितके उंच त्याच्या दुप्पट अंतरावर, म्हणजे आडोसा होत नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टीने मिलिमीटर मोजावे, वहीत लिहावे आणि डबा रिकामा करून पुन्हा ठेवावा. हवामान खातेही साडेआठलाच मोजते, म्हणून आपली नोंद त्यांच्या नोंदीशी ताडता येईल. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर तो 'पावसाचा दिवस' म्हणून खूण करावी. शेजारच्या रकान्यात आपल्या विहिरीची पातळी महिन्यातून एकदा, दोराला गाठी मारून. पुण्याचा आकडा आपल्याला लागू नाही आणि वेल्ह्याचाही नाही, हे आता तुम्हांला कळले आहे. शिवऱ्याचा आकडा शिवऱ्यातच मोजावा लागेल. रब्बीला ज्वारी पेरावी की हरभऱ्यावर भागवावे, टाकी केवढी बांधावी, टँकरची मागणी कोणत्या महिन्यात करावी, या गोष्टी ग्रामसभेत नुसत्या तोंडाने बोलण्यापेक्षा वही उघडून बोललेल्या बऱ्या.

डबा आणि पट्टी मी बरोबर आणली आहे, वही मंडळाने द्यावयाची आहे. मृगाच्या आधी सुरुवात करू, कारण वळवाचे दोन-चार पाऊसही मोजले पाहिजेत. पहिल्या पंधरवड्याची पाळी मी घेते. पुढच्या पाळ्यांसाठी ज्यांची तयारी असेल त्यांनी चहा झाल्यावर चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.